पाटी, फळा आणि दोन पडदे

वर्गात शिक्षक फळ्यावर गणित मांडतात आणि मुले ते आपापल्या पाटीवर सोडवतात. फळा सर्वांचा असतो, पाटी एकट्याची. फळ्यावर काय लिहायचे ते शिक्षक विचारपूर्वक ठरवतात. पाटीवर मात्र चुकायची आणि चुकले तर पुसून टाकायची मोकळीक असते. कामाची ही वाटणी इतकी जुनी आणि अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. संगणकाला मात्र ही वाटणी साधायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. एका संगणकाला दोन मॉनिटर जोडायचे आणि त्या दोहोंवर वेगवेगळे दृश्य दाखवायचे, ही आज घरच्या संगणकावरही पाच मिनिटांत होणारी गोष्ट आहे. ती आधी अवघड का होती आणि पुढे सोपी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्या इतिहासाचा आपल्या वर्गाशी थेट संबंध आहे.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील दोन शाळा या संदर्भात आठवतात. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, हातात पाटी घेऊन, फळ्यासमोर अक्षरे गिरवायला बसल्या. शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या छोट्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव डिजिटल शाळा म्हणून त्याआधीच राज्यभर झाले होते. तिथे फळ्याच्या जागी संगणकाचे चित्र आले. पुढे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाल्यावर लोकवर्गणीतून, देणग्यांतून गावोगावच्या शाळांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पोचले.

आता गंमत अशी की, लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की त्या संगणकाला दोन पडदे झाले. प्रोजेक्टर हाही संगणकाच्या दृष्टीने एक मॉनिटरच. पण पुष्कळ वर्गांत हे दोन पडदे एकमेकांची नक्कल करत राहतात. शिक्षक लॅपटॉपवर धडा शोधू लागले की तो शोध भिंतीवर दिसतो. प्रश्नाबरोबर उत्तरही दिसते. कधी गुणांचे, जन्मतारखांचे किंवा आधार क्रमांकांचे कोष्टक चुकून उघडले तर तेही सगळा वर्ग पाहतो. जणू शिक्षकांच्या हातातली पाटीच हिरावून घेतली आणि त्यांना सारे काही फळ्यावरच करायला लावले. हा दोष यंत्राचा नाही. दोन पडद्यांना दोन वेगळी कामे देता येतात, पण ते यंत्राला सांगावे लागते.

पहिला पडदाच नक्कल होता

संगणकाच्या पडद्याचा पूर्वज म्हणजे कॅथोड किरण नळी. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने ती १८९७ साली तयार केली. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि समोरच्या काचेवरील लेपावर आदळून तिथे प्रकाशाचा ठिपका उमटवतो. घरोघरचे जुने, पाठीमागे पोक असलेले दूरचित्रवाणी संच याच तत्त्वावर चालत.

१९४८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ्री टूटिल यांनी या नळीचा वेगळाच उपयोग केला. काचेवर ठिपका उमटतो तेथे क्षणभर विद्युतभारही साठून राहतो. तो विरून जाण्याआधी वाचून पुन्हा पुन्हा लिहीत राहिले तर नळी ही स्मृती म्हणून वापरता येते. त्यांच्या ‘बेबी’ या छोट्या संगणकात अशा नळीवर ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, म्हणजे १,०२४ बिट साठवले जात. २१ जून १९४८ रोजी या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथमच चालवली. २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्याला ५२ मिनिटे लागली. उत्तर होते १,३१,०७२.

हे उत्तर वाचायचे कसे? स्मृतीच्या नळीच्या तोंडावर विद्युतभार टिपणारी धातूची पट्टी बसवलेली असे. त्यामुळे काचेवरचे ठिपके डोळ्यांना दिसतच नसत. म्हणून शेजारी दुसरी नळी ठेवून तिच्यावर पहिलीची हुबेहूब नक्कल उमटवली जाई आणि शास्त्रज्ञ त्या दुसऱ्या नळीकडे पाहून उत्तर वाचत. स्मृतीत साठवलेली आज्ञावली चालवणाऱ्या पहिल्या संगणकाचा पडदा असा मुळात नक्कल करणारा होता. पुढच्या साऱ्या कहाणीचे सूत्रही यातच आहे. पडद्यावर दिसते ते कुठल्या तरी स्मृतीचे प्रतिबिंब असते. दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रे हवी असतील तर त्यांच्यामागे स्मृतीचे दोन वेगळे तुकडे हवेत.

स्मृतीची टंचाई

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक घडवला गेला, तो १९६० साली काम करू लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह असलेल्या या यंत्राला आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी कॅथोड किरण नळीचा पडदाही जोडलेला होता. शहापूर-मुरबाडपासून शंभरेक किलोमीटरच्या आत, साठ वर्षांपूर्वी, आपल्याच माणसांनी बनवलेल्या संगणकाला पडदा होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

टिफ्रॅकची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. गुणाकार केला की ८१,९२० बिट येतात. आठ बिटांचा एक बाइट धरला तर हे झाले १०,२४० बाइट. आता एक साधे रंगीत चित्र घेऊ. आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चारपैकी एक रंग, म्हणजे ठिपक्यामागे दोन बिट. एकूण १,२८,००० बिट, अर्थात १६,००० बाइट. टिफ्रॅकची सारी स्मृती रिकामी केली असती तरी हे एक चित्र तिच्यात मावले नसते. मग दोन पडद्यांवर अशी दोन चित्रे कुठून मावणार?

ही टंचाई पुढेही बरीच वर्षे टिकली. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पाखाली निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. त्या काळच्या शिक्षकांनी पाहिलेला हा बहुधा पहिलाच संगणक. त्यात ३२ किलोबाइट स्मृती असे. पण चांगल्या दर्जाचे चित्र हवे असेल तर त्यातील २० किलोबाइट एकट्या पडद्यालाच लागत आणि आज्ञावलीसाठी उरत जेमतेम १२. पडदा आणि आज्ञावली एकाच ताटात जेवत होत्या. अशा घरात दुसऱ्या पाहुण्याला बोलावणे शक्यच नव्हते.

दोन पिनकोडांची युक्ती

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा ‘पीसी’ बाजारात आला आणि त्याच्याबरोबर पडद्यासाठी दोन निरनिराळी कार्डे आली. एक होते एकरंगी. ते फक्त अक्षरे दाखवी, ८० अक्षरांच्या २५ ओळी. पण अगदी सुबक. दुसरे रंगीत. ते चित्रे काढी, पण त्याची अक्षरे ओबडधोबड दिसत. महत्त्वाचे म्हणजे पडद्याची स्मृती आता या कार्डांवरच बसवलेली होती. एकरंगी कार्डावर ४ किलोबाइट आणि रंगीत कार्डावर १६. चित्रासाठी आज्ञावलीच्या ताटातले काढून घ्यायची गरज उरली नाही.

तरीही एक अडचण शिल्लक राहते. दोन्ही कार्डे एकाच संगणकात बसवली तर संगणकाने लिहिलेले अक्षर नेमके कोणत्या कार्डावर जायचे? ही अडचण पत्त्यांनी सोडवली. त्या संगणकाचा प्रक्रियक एकूण १,०२४ किलोबाइटपर्यंतचे पत्ते ओळखू शके. त्यातील ७०४व्या किलोबाइटपासूनचे पत्ते एकरंगी कार्डाला आणि ७३६व्या किलोबाइटपासूनचे रंगीत कार्डाला नेमून दिलेले होते. टपालाचे उदाहरण घ्या. शहापूरचा पिनकोड ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातली असूनही पत्ता नीट लिहिला असेल तर पत्रांची अदलाबदल होत नाही. तसेच इथे होते. पत्ते वेगळे असल्यामुळे दोन्ही कार्डे सुखाने शेजारी नांदत आणि एका संगणकाला दोन मॉनिटर जोडता येत.

याचा उपयोग लोकांनी लगेच करून घेतला. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या आज्ञावलीत एका पडद्यावर आकड्यांचे कोष्टक आणि दुसऱ्यावर त्याचा आलेख दिसू शके. ‘ऑटोकॅड’वर काम करणारे आरेखक एका पडद्यावर नकाशा काढत आणि दुसऱ्यावर आज्ञा टंकित करत. आज्ञावलीतील चुका शोधणाऱ्यांची तर मोठीच सोय झाली. एकीकडे आज्ञावली चालताना दिसे आणि दुसरीकडे तिच्या पोटात काय चालले आहे ते. पाटी आणि फळा पहिल्यांदा वेगळे झाले ते असे.

याच काळातली एक घटना मराठी वाचकाला जवळची वाटेल. थायलंडमधील व्हॅन सुवानुकुल हा विद्यार्थी अमेरिकेत डॉक्टरेट करत होता. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. एकरंगी कार्ड ठरावीक इंग्रजी अक्षरांपलीकडे जात नसे आणि रंगीत कार्डावर थाई अक्षरांची बारीक वळणे उमटत नसत. म्हणून त्याने स्वतःच एक कार्ड तयार केले. ते एकरंगी पडद्यावर ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे चित्र काढू शके. १९८२ साली आलेले हे ‘हर्क्युलिस’ कार्ड जगभर खपले. भारतातल्या कित्येक संगणकांचे हिरवे किंवा पिवळसर मॉनिटर याच धर्तीच्या कार्डांवर चालत. आपली अडचणही तीच होती. ती सोडवण्यासाठी आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने ‘जिस्ट’ तंत्र आकाराला आले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे दिसू लागत. पडद्याचा इतिहास हा असा लिपीचाही इतिहास आहे.

एक पाऊल मागे, दोन पुढे

१९८७ मध्ये आयबीएमने ‘व्हीजीए’ हे नवे तंत्र आणले. ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग. त्याची पंधरा पिनांची जोडणी पुढे तीस वर्षे शाळांच्या प्रोजेक्टरांवर दिसत राहिली. चित्र सुधारले, पण दोन पडद्यांच्या दृष्टीने ती पीछेहाट ठरली. आता अक्षरांना आणि चित्रांना एकच कार्ड पुरे झाले आणि सगळी व्हीजीए कार्डे तेच ठरावीक पत्ते वापरू लागली. अशी दोन कार्डे एका संगणकात बसवणे म्हणजे दोन गावांना एकच पिनकोड देणे. ज्यांना दोन पडदे हवेच होते ते व्हीजीएच्या जोडीला जुने एकरंगी कार्ड बसवून वेळ भागवत.

त्याच वर्षी अ‍ॅपल कंपनीच्या ‘मॅकिंटॉश टू’ या संगणकाने ही अडचण मुळातूनच टाळली. त्यात कार्डे बसवायच्या सहा खाचा होत्या आणि पत्ता कार्डाचा नसून खाचेचा होता. कार्ड ज्या खाचेत बसेल तो त्याचा पत्ता. त्यामुळे एकाच जातीची दोन-तीन कार्डे बसवली तरी गोंधळ होत नसे. शिवाय सर्व पडदे मिळून एकच मोठे मेज समजले जाई. माऊसने धरलेली खिडकी एका पडद्यावरून ओढत सरळ दुसऱ्यावर नेता येई. पण हा संगणक फार महाग होता.

साध्या पीसीमध्ये ही सोय यायला ‘पीसीआय’ पद्धतीच्या खाचा याव्या लागल्या. १९९२ पासून आलेल्या या पद्धतीत संगणक सुरू होतानाच प्रत्येक कार्डाला मोकळे पत्ते वाटून देतो. कायमचा पिनकोड गेला आणि मागणीप्रमाणे पत्ता आला. मग २५ जून १९९८ रोजी आलेल्या ‘विंडोज ९८’ने एका संगणकाला नऊपर्यंत मॉनिटर जोडण्याची सोय दिली. मँचेस्टरच्या बेबीने पहिली आज्ञावली चालवली त्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे आणि चार दिवस झाले होते. पुढच्याच वर्षी ‘मॅट्रॉक्स’ कंपनीने एकाच कार्डावर दोन स्वतंत्र जोडण्या दिल्या. आता तर साध्या लॅपटॉपमध्येही स्वतःच्या पडद्याखेरीज दुसऱ्या पडद्याची सोय मुळातच असते.

स्मृतीची टंचाई कुठे गेली तेही पाहा. आजच्या १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांच्या पडद्याला, ठिपक्यामागे चार बाइट धरले तर, ८२,९४,४०० बाइट लागतात. एवढ्यात टिफ्रॅकची सारी स्मृती आठशेहून अधिक वेळा मावेल. आणि असे दोन पडदे आज शाळेतला साधा संगणकही सहज पेलतो.

आज दोन पडदे जोडताना

हा इतिहास ध्यानात ठेवला की प्रत्यक्ष जोडणीतील बहुतेक गोष्टींची कारणे आपोआप कळतात.

बाजारात एका टोकाची दोन टोके करणारी स्वस्त व्हीजीए केबल मिळते. तिने दोन पडदे चालतात, पण दोन्हींवर तेच चित्र दिसते. कारण स्मृतीचा एकच तुकडा आणि एकच संकेत दोन वाटांनी जातो. वेगळे चित्र हवे तर संगणकाला दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात. लॅपटॉपमध्ये अंगचा पडदा आणि बाहेरची जोडणी मिळून त्या असतातच. घरच्या डेस्कटॉपच्या मागे मात्र आधी पाहून घ्यावे. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर दोन्ही मॉनिटर त्या कार्डालाच जोडावेत. बऱ्याच संगणकांत असे कार्ड बसवल्यावर मुख्य बोर्डावरची जोडणी बंद होते.

नवा लॅपटॉप एचडीएमआयचा आणि जुना मॉनिटर किंवा प्रोजेक्टर व्हीजीएचा असेल तर मध्ये रूपांतरक लागतो. एचडीएमआयचे संकेत अंकीय असतात, व्हीजीएचे चढउताराचे. म्हणून रूपांतरकात इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि तो एकाच दिशेने चालतो. विकत घेताना कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूला जायचे आहे ते दुकानदाराला स्पष्ट सांगावे.

१९९४ पासूनचे मॉनिटर आपल्याला किती ठिपके दाखवता येतात ही माहिती स्वतःच संगणकाला कळवतात. हलक्या केबलमध्ये ती माहिती नेणारी तार नसते किंवा तुटलेली असते. मग संगणक अंदाजाने चालतो आणि चित्र पसरट, अंधुक किंवा कापलेले दिसते. प्रोजेक्टरला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

विंडोज असलेल्या संगणकावर ‘विंडोज’ची कळ दाबून ठेवून ‘पी’ दाबले की चार पर्याय येतात. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. ‘डुप्लिकेट’ म्हणजे नक्कल आणि ‘एक्स्टेंड’ म्हणजे विस्तार. उबुंटूमध्ये हेच पर्याय ‘डिस्प्लेज’ या सेटिंगमध्ये मिळतात. विस्तार निवडला की प्रोजेक्टर फळा होतो आणि लॅपटॉप पुन्हा शिक्षकांची पाटी होते. धड्याचे चित्र भिंतीवर, टिपणे आणि उत्तरे आपल्यासमोर. हजेरीचे किंवा गुणांचे कोष्टक उघडायचे असेल तर ते पाटीवर उघडावे. वर्गाला ते दिसत नाही. नक्कल करताना दोन्ही पडद्यांना समान आकार घ्यावा लागतो, त्यामुळे एकावर तरी अक्षरे अंधुक होतात. विस्तारात प्रत्येक पडदा आपल्या मूळ आकारात चालतो, हा आणखी एक फायदा.

घरी काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. जुन्या डेस्कटॉपचा चांगला मॉनिटर माळ्यावर पडलेला असेल तर तो लॅपटॉपला जोडून एकावर पाठ्यपुस्तक उघडावे आणि दुसऱ्यावर प्रश्नपत्रिका टंकित करावी. वीज मात्र पाहावी. पोक असलेला जुना मॉनिटर साधारण ७० ते १०० वॅट घेतो, १९ इंची एलईडी मॉनिटर १५ ते २५ वॅटमध्ये भागवतो. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरवर हा फरक चांगलाच जाणवतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

विस्तार निवडल्यावर संगणक दोन्ही पडदे मिळून एकच संख्यारेषा मानतो. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा हा आरंभबिंदू. समजा लॅपटॉप १,३६६ ठिपके रुंद आहे आणि त्याच्या उजवीकडे १,०२४ ठिपके रुंदीचा प्रोजेक्टर मांडला आहे. लॅपटॉपवरचे क्रमांक ० ते १,३६५, प्रोजेक्टरवरचे १,३६६ ते २,३८९. मुलांना विचारा, माऊसचा बाण १,५००व्या क्रमांकावर असेल तर तो कोणत्या पडद्यावर आणि त्या पडद्याच्या डाव्या कडेपासून किती अंतरावर असेल? मग सेटिंगमध्ये प्रोजेक्टरची चौकट लॅपटॉपच्या डावीकडे ओढून ठेवा. आता प्रोजेक्टरवरचे क्रमांक उणे होतात, −१,०२४ पासून −१ पर्यंत. ऋण संख्या आरंभबिंदूच्या डावीकडे असतात हे आपण फळ्यावर शिकवतो. इथे माऊसचा बाण लॅपटॉपच्या डाव्या कडेतून बाहेर पडून भिंतीवर उमटतो तेव्हा मुलांना तो डावीकडचा प्रदेश प्रत्यक्ष दिसतो.

आठवी-नववीच्या मुलांना आणखी एक काम देता येईल. शाळेत असलेल्या प्रत्येक पडद्याचे आडवे आणि उभे ठिपके मोजून, म्हणजे सेटिंगमध्ये वाचून, त्याला किती बाइट स्मृती लागते याचे कोष्टक करायचे आणि शेवटच्या रकान्यात ती टिफ्रॅकच्या १०,२४० बाइटांच्या किती पट आहे ते लिहायचे. हे कोष्टक मात्र सर्वांनी पाहावे म्हणून फळ्यावरच मांडावे.